झाड दारात, ओळख कुणाकडे?

उस्मानाबादी शेळी सहसा कशाला नाही म्हणत नाही. बाभळीच्या शेंगा, बोरीची काटेरी डहाळी, तुरीचा पाला, बांधावरचं वाळलं गवत, जे मिळेल त्यावर ती दिवस काढते. दुष्काळी माळावर तग धरून जुळी करडं देणारी ही काळी शेळी धाराशिव, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद, जिल्ह्याचं नाव देशभर घेऊन गेली ती याच गुणावर. पण अडुळशाला ती तोंड लावत नाही. निरगुडीलाही नाही, कोरफडीलाही नाही. त्यामुळे तुळजापूरपासून भूमपर्यंत बालाघाटाच्या डोंगररांगेने जाताना उन्हाळ्यातही ओढ्याकाठी आणि गावकुसाला जी झुडपं हिरवी दिसतात, त्यांत हीच मंडळी जास्त असतात. झाड स्वतःच्या बचावासाठी कडू, उग्र रसायनं तयार करतं. शेळी त्यांच्यापासून लांब राहते आणि माणसाने तीच खोकल्यावर, सुजेवर कामाला लावली.

धाराशिवमध्ये औषधी वनस्पतींची चर्चा सुरू झाली की ती बहुतेक वेळा रोपांवर येऊन थांबते. पर्यावरण दिनाला तुळस आणि गुळवेल वाटली जाते, शाळेच्या आवारात ‘औषधी उद्यान’ अशी पाटी लागते, कुणी शेतकऱ्यांना सफेद मुसळीची स्वप्नं दाखवतो. जिल्ह्यात झाडं कमी आहेत हे खरंच आहे. साडेसात हजार चौरस किलोमीटरच्या या मुलखात जंगलाचं प्रमाण एक टक्क्यालाही पोचत नाही. येडशीचं रामलिंग घाट अभयारण्य जेमतेम २२ चौरस किलोमीटरचं. तरीही घरगुती औषधासाठी लागणारी पंधरा-वीस झाडं या जिल्ह्याच्या बांधांवर, परसात आणि माळावर आजही मिळतात. झपाट्याने कमी होतो आहे तो ती झाडं ओळखणारा, किती वापरायची ते जाणणारा आणि कुठे थांबायचं ते सांगणारा माणूस. रोपवाटिकांवर होणाऱ्या खर्चाचा मोठा वाटा या माणसांवर व्हायला हवा.

ही मागणी नवी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पहिल्याच अध्यायात असं सांगितलं आहे, की शेळ्या, मेंढ्या, गाई राखणारे आणि रानात राहणारे लोक वनस्पतींना नावाने आणि रूपाने ओळखतात. मात्र नाव आणि रूप कळलं म्हणजे उपयोग कळला असं होत नाही. तिथेच न ओळखलेल्या औषधाला विष, शस्त्र, अग्नी आणि वज्र यांच्या पंक्तीला बसवलं आहे. शेळीमुळे ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याने हे वचन मनावर घ्यावं असं आहे. शेळी राखणाऱ्याच्या ज्ञानाला चरकाने मान दिला आणि त्याच दमात त्याची मर्यादाही सांगितली. आजच्या आयुर्वेदाच्या जाहिरातींमध्ये नेमकी ही दुसरी बाजू गळून पडलेली असते.

अडुळशाचंच पाहू. याचं पान हातात घेऊन नुसतं चुरगाळलं, वाटलं, पिळलं तरी रस सहजासहजी सुटत नाही. जुन्या बायका पानांची जुडी करायच्या, ती मोठ्या पानात गुंडाळून वरून ओल्या मातीचा लेप द्यायच्या आणि चुलीच्या निखाऱ्यात सरकवायच्या. माती वाळून लाल व्हायला आली की जुडी बाहेर काढून फडक्यात पिळायची. मग मात्र हिरवा, कडूजहर रस धार धरतो. तो चमचाभर, मधातून. वैद्यकाच्या पोथीत याला पुटपाक म्हणतात आणि घराघरांत तो पोथीचं नाव न घेता चालत आला. या पानातल्या व्हॅसिसीन नावाच्या घटकाचा माग काढत काढतच विसाव्या शतकात ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं आणि पुढे त्यातून अँब्रॉक्सॉल. तालुक्याच्या मेडिकलमध्ये खोकल्याची बाटली मागितली तर तिच्या लेबलावर या दोहोंपैकी एखादं नाव सापडण्याची शक्यता बरीच असते. आजीबाईच्या बटव्याला ‘अडाणीपणा’ म्हणून झटकणाऱ्यांनी हे लेबल एकदा वाचावं.

आता हीच गोष्ट उलट्या बाजूने. व्हॅसिसीनने गर्भाशयाचं आकुंचन होतं, म्हणून गरोदर बाईला अडुळसा देऊ नये. ही सूचना पुटपाकाच्या कृतीइतकीच महत्त्वाची आहे, पण कृती सांगणाऱ्या दहा जणांतला एखादाच ती सांगतो. त्याहून मोठा धोका वेगळाच आहे. दोन आठवड्यांहून जास्त टिकणारा खोकला हा क्षयरोगाचा असू शकतो आणि त्याची तपासणी व उपचार सरकारी दवाखान्यात फुकट होतात. ऊसतोडीला गेलेलं जोडपं फडावरच्या कोपीत महिनाभर खोकत राहतं, गावी आल्यावर काढा घेत आणखी महिना काढतं, आणि तोवर घरातल्या लेकरालाही लागण झालेली असते. यात अडुळशाचा काही दोष नाही. तो किती दिवस घ्यायचा हे कुणी सांगितलं नाही, हा दोष. घरगुती औषधाला मुदत असलीच पाहिजे, आणि ती औषधाच्या नावासोबतच पाठ व्हायला हवी.

ओळख चुकली की काय होतं, याचा धडा २०२० ने दिला. त्या वर्षी एप्रिलमध्ये आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ आणि काळी मिरी यांच्या काढ्याची शिफारस केली. लोकांनी त्यात आपल्या मनाने भर घातली. गुळवेलीची मागणी अचानक वाढली. कडुनिंबावर चढलेली वेल चांगली, हे सगळ्यांना ऐकून माहीत होतं, म्हणून दिसेल ती वेल उतरवली गेली. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईच्या यकृततज्ज्ञांकडे यकृताला सूज आलेले सहा रुग्ण आले. सगळ्यांनी गुळवेल घेतली होती. २०२१ मध्ये हे प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. मंत्रालयाने आक्षेप घेतला, की रुग्णांनी नेमकी कोणती वनस्पती घेतली याची तपासणीच झालेली नाही. गुळवेलीसारखी दिसणारी, तिच्याच कुळातली दुसरी वेल असू शकते. डॉक्टर आणि मंत्रालय यांच्या वादात कोण बरोबर, यावर पुष्कळ शाई खर्च झाली. खेड्यातल्या माणसासाठी मात्र दोन्ही बाजूंचा निष्कर्ष एकच निघतो. वेल अस्सल असेल तर ती रोज, महिनोन्‌महिने, मापाविना घेण्याची चीज नाही. आणि वेल दुसरीच असेल तर ओळखणारा माणूस जवळ नव्हता.

‘नैसर्गिक आहे, म्हणजे अपाय नाही’ हे वाक्य आपल्याकडे फार सहज बोललं जातं. धोतरा नैसर्गिक आहे. कळलावी नैसर्गिक आहे, गुंजही. आपल्या पूर्वजांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर त्यांनी शुद्धी, मात्रा, अनुपान आणि पथ्य यांची एवढी मोठी व्यवस्था उभी केली. पाल्याला निरुपद्रवी समजण्यात परंपरेचा मान नाही. उलट त्या व्यवस्थेला मोडीत काढणं आहे.

बाळगुटीकडे या नजरेने पाहायला हवं, कारण घरगुती औषधाचं बलस्थान आणि दुबळेपण दोन्ही तिथे एकाच सहाणेवर दिसतं. आंघोळ झालेलं बाळ मांडीवर, समोर ओली सहाण. वेखंडाचा एक वेढा, मुरडशेंगेचा एक, हिरड्याचे दोन, जायफळाचा अर्धा, हळकुंडाचा एक, मग खारीक, बदाम. बोटाने ते गोळा करून दुधात किंवा पाण्यात कालवून बाळाच्या जिभेवर. इथे ‘वेढा’ हे माप आहे, आणि त्यामागे पक्की शिस्त आहे: वेखंड जास्त झालं तर उलट्या, जायफळ जास्त झालं तर गुंगी, हे उगाळणाऱ्या बाईला माहीत असायचं आणि म्हणून ती वेढे मोजायची. बाळाचं पोट पाहून हिरडा वाढवायचा की मुरडशेंग, हे ती ठरवायची. एवढं बारीक निरीक्षण करणाऱ्या बाईला तिचा मान द्यायलाच हवा.

पण सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा नको, हे आज बालरोगतज्ज्ञ एकमुखाने सांगतात, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये हेही. सहाण, बोट आणि पाणी यांतून जाणारे जंतू वेढ्यांत मोजता येत नाहीत. शिवाय बाळाला चाटवायच्या सगळ्याच गोष्टी मायेने मोजलेल्या नसायच्या. शंभर वर्षांपूर्वी मुंबईत गिरणीत जाणाऱ्या आया तान्ह्या लेकरांना अफूची ‘बाळागोळी’ देऊन झोपवून जात. परिस्थितीच्या रेट्याने केलेला तोही घरगुती उपायच होता. तेव्हा आजीचं ऐकायचं की डॉक्टरचं, असा झगडा लावण्यात अर्थ नाही. निरीक्षणाची जी नजर गुटी उगाळताना वापरली जायची, तीच बाळाच्या वजनाकडे, लघवीकडे, धापेकडे वळवता येते. ती वळवणारं कुणी गावात हवं.

विंचवाच्या बाबतीत तर तडजोडीला जागाच नाही. मराठवाड्यात विंचू उतरवणाऱ्यांची कमी कधीच नव्हती. आघाड्याची मुळी, पाल्याचा लेप, मंत्र, सगळं होतं. बहुतेक विंचवांच्या दंशाने वेदना होतात आणि त्या आपोआप ओसरतात, म्हणून मुळीला यश येत राहिलं. लाल विंचवाचं विष मात्र हृदयावर आणि फुप्फुसांवर जातं. मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर महाड भागात काम करताना अशी माणसं डोळ्यांसमोर दगावताना पाहत होते. रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध त्यांनी या दंशासाठी वापरून दाखवलं आणि गंभीर दंशात दहांतले तीन-चार जीव घेणारा मृत्यू शंभरात एखाद्यावर आला. ती गोळी स्वस्त आहे, पण वेळेत मिळाली तरच उपयोगाची. साप चावल्यावर प्रतिविषाखेरीज दुसरं औषध नाही, हेही तसंच. इथे मुळी शोधण्यात गेलेला अर्धा तास आयुष्यातून वजा होतो.

मग ही सगळी पारख गावात ठेवायची कुणी? याचं एक उत्तर धाराशिव जिल्ह्यातच घडलेलं आहे.

तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या पुढाकाराने हॅलो मेडिकल फाउंडेशनचं काम उभं राहिलं. त्यांनी गावोगावच्या, थोडंच शिकलेल्या, कित्येकदा एकट्या पडलेल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं आणि त्यांना ‘भारतवैद्य’ म्हटलं. ताप, जुलाब, खोकला, जखम यांवर प्राथमिक उपचार करायचे, गरोदर बाई आणि लहान मूल यांच्यावर लक्ष ठेवायचं, आणि धोक्याची खूण दिसताच मोठ्या दवाखान्यात पाठवायचं, असं ते काम. भूम-परंड्याला लागून असलेल्या जामखेड तालुक्यात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या बायांच्या हातात आरोग्य दिलं होतं. त्या वाटेने जाणारा हा प्रयोग. डॉ. श्याम अष्टेकरांनी अशाच आरोग्य कार्यकर्त्यांसाठी मराठीत पुस्तकं लिहिली.

भारतवैद्य बाईचं सगळ्यात मोठं औषध म्हणजे मीठ-साखरेचं पाणी. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. यापेक्षा घरगुती उपाय दुसरा नाही आणि त्याने जगभर कोट्यवधी लेकरं वाचवली. त्यात एकही दुर्मीळ वनस्पती नाही. आहे ते मोजमाप, आणि मूल सुस्त झालं, डोळे खोल गेले तर उचलून दवाखान्यात न्यायचं हे ज्ञान. अडुळसा, ओवा, सुंठ, हळद, बेलफळ यांना याच शिस्तीत बसवता येतं. कृती, मात्रा, कुणाला नको, किती दिवस, पुढे कुठे: या पाच गोष्टी माहीत असलेली एक बाई प्रत्येक गावात असेल तर परसातलं झाड खरोखर औषध होतं. आशा कार्यकर्ती आज प्रत्येक गावात आहे. तिच्या प्रशिक्षणात स्थानिक वनस्पतींचे चार दिवस घालणं, आणि त्या दिवसांचं मानधन तिला देणं, हे रोपवाटपाहून नक्कीच कमी खर्चाचं असेल. धाराशिव शहरात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. तिथे वनस्पती ओळखणारे अध्यापक आहेत, विद्यार्थी आहेत, नियमाने ठेवलेली वनस्पतीबाग आहे. आशाताईंचे चार दिवस तिथे सुखाने पार पडतील.

लागवडीचा प्रश्न यानंतर येतो आणि तो पाण्याच्या प्रश्नापासून वेगळा करता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर उमरगा-लोहारा भागात पुनर्वसनाचं काम करताना स्वयं शिक्षण प्रयोग ही प्रेमा गोपालन यांची संस्था इथल्या बायकांशी जोडली गेली. पुढे दुष्काळाच्या वर्षांत संस्थेने एक एकराचं शेत हा मार्ग पुढे नेला: घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर बाईच्या ताब्यात, त्यात ऊस-सोयाबीनऐवजी डाळी, भाज्या, धान्य, रासायनिक खताविना. तुळजापूर तालुक्यातल्या गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे या कामाचा ओळखीचा चेहरा झाल्या, आणि २०१७ मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. काय पेरायचं हे बाई ठरवू लागली की ती पहिल्यांदा घरात खायला काय लागतं ते पाहते. औषधी झाडाला जागा मिळते ती अशाच तुकड्याच्या कडेला, बांधावर, मोरीच्या पाण्यावर.

त्या बायकांच्या हातून वनस्पतींचं आणखी एक औषध तयार होतं, ते पिकांचं. दशपर्णी अर्कासाठी कडुनिंब, निरगुडी, करंज, रुई, एरंड, सीताफळ, घाणेरी, कण्हेर, पपई, गुळवेल असा पाला शेणा-गोमूत्रात महिनाभर कुजवतात. पाला ओळखण्याचं शिक्षण या ड्रमपाशी आपोआप होतं, आणि त्यातले काही पाले माणसाला विषारी आहेत हेही तिथेच कळतं. कण्हेर आणि गुळवेल एका ड्रममध्ये चालतात, एका काढ्यात नाही.

मोठ्या प्रमाणावर लागवड करून पैसा कमवायचा विचार असेल तर मात्र सावध राहिलेलं बरं. २००० च्या आगेमागे सफेद मुसळीने महाराष्ट्रात अनेकांना वेड लावलं. बेणं महाग, सुरुवातीचे भाव डोळे दिपवणारे. पण पहिल्या वर्षांत पैसा झाला तो बेणं विकणाऱ्यांचा, आणि सगळ्यांची मुळं बाजारात आली तेव्हा भाव कोसळला. कोरफडीच्या खरेदी-करारांतही हेच झालं. अश्वगंधा हलक्या, कोरड्या जमिनीत येते, पाणी कमी मागते, तेव्हा कागदावर ती धाराशिवला शोभते. पण तिचा मोठा बाजार मध्य प्रदेशातल्या नीमचला आहे, मुळं खणणं-धुणं-वाळवणं याची मजुरी आहे, आणि प्रतवारीत माल पडला तर भाव निम्म्यावर. सोयाबीन निदान तालुक्याच्या आडतीवर विकता येतं. खरेदीदाराचं नाव-गाव आणि लेखी भाव हातात असल्याशिवाय इथल्या कोरडवाहू शेतकऱ्याला या वाटेला लावणं अन्यायाचं आहे.

त्यापेक्षा एक काम प्रत्येक ग्रामपंचायतीला कायद्यानेच दिलेलं आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही तयार करायला हवी: गावात कोणती झाडं, कुठे, लोक ती कशाला वापरतात. माधव गाडगीळ यांनी या कल्पनेचा पाठपुरावा केला तेव्हा अपेक्षा होती, की गाव स्वतः बसून ती लिहील. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली आणि देशभर वह्या घाईने भरल्या गेल्या. घाईत भरलेली वही कपाटात जाते. पण लिहिलेल्या शब्दाची ताकद काय असते हे हळदीच्या प्रकरणात दिसलं होतं. १९९५ मध्ये जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली विज्ञान आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द करवलं. घरोघरी हळद लावतात, एवढं सांगून भागलं नाही. जुने ग्रंथ आणि छापील लेख पुरावा म्हणून मांडावे लागले. बालाघाटातल्या शेळीराख्याला ठाऊक असलेली गोष्ट कुठेच लिहिलेली नसेल, तर ती त्याच्याबरोबर संपेल, किंवा कुणी तरी आपल्या नावावर करेल.

नोंदवही पुन्हा भरायची तर तिला चार रकाने वाढवावेत: मात्रा, कुणाला देऊ नये, किती दिवस द्यावं, आणि नंतर कुठल्या आरोग्य केंद्रात जावं. पहिले रकाने शेळ्या राखणारी माणसं आणि म्हाताऱ्या बायका भरतील, वाढवलेले चार आशाताई आणि आयुर्वेद महाविद्यालयाचे विद्यार्थी मिळून. ज्या उपयोगाबद्दल खात्री नाही त्यापुढे तसं स्पष्ट लिहावं. शाळेतल्या मुलांनी त्याच झाडांच्या फांद्या कागदावर दाबून, वाळवून चिकटवाव्यात, म्हणजे पुढच्या वेळी गुळवेल म्हणून दुसरीच वेल घरात येणार नाही. यासाठी वेळही निवडून घ्यावी लागेल. १ मेच्या ग्रामसभेला माळ करपलेला असतो. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला भुईआवळी, माका, टाकळा, आघाडा पावसावर वर आलेले असतात, आणि मृगात टोचलेल्या अडुळशाच्या, पानओव्याच्या काड्यांनी परसात मूळ धरलेलं असतं. त्याच आठवड्यात शिवारफेरी निघावी, आणि शेळी राखणाऱ्याला त्या दिवसाची मजुरी ग्रामपंचायतीने द्यावी.